‘संस्कार’ म्हटलं की चर्चा संपते. पुढे कशी न्यायची?

अनुजा_गोरेगाव (धागाकर्ती)

गोरेगावातल्या एका वाचनालयात महिन्यातून एकदा अभ्यासगट भरतो. बारा ते पंधरा माणसं, वय कॉलेजपासून निवृत्तीपर्यंत, वेळ दीड तास, हाताशी फळा आणि खडू. प्रोजेक्टर नाही. पुढचा विषय ठरलाय: बरंवाईट ठरवण्याची आपली कसोटी येते कुठून?

हा प्रश्न सरळ टाकला की पहिल्या पाच मिनिटांत आईवडील, संस्कार, शाळा आणि देव ही चार उत्तरं येणार, सगळे माना डोलावणार आणि उरलेला वेळ ‘हल्लीच्या पिढी’वर जाणार. भाषण ठेवायचं नाहीये. प्रत्येकाने स्वतःच्या मनातला एखादा नियम उचलून तो कुठून आला हे तपासावं, असं काही करता येईल का? या विषयातलं संशोधन माहीत असलेल्यांनी पायऱ्या, सामान, कुठे फसतं हे नीट लिहिलंत तर उपयोग होईल. ‘थोरांची चरित्रं वाचा’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

खडूफळा

‘कुठून आली’ असं विचारूच नका. त्याचं उत्तर कुणालाही आतून दिसत नाही, म्हणून जो तो तोंडपाठ असलेलं सांगून मोकळा होतो. मानसशास्त्रज्ञ जोनाथन हाइट यांनी २००१ मध्ये हेच मांडलं: निवाडा आधी झटकन होतो, कारणं मागाहून जुळवली जातात. कारणं एकेक करून खोडून काढली तरी माणूस ‘चूक म्हणजे चूक, का ते सांगता येत नाही’ म्हणून अडून बसतो. तेव्हा उगम विचारण्यापेक्षा नियम ताणून बघा. कुठे तुटतो त्यावरून तो कशाला बांधलाय ते कळतं.

सामान म्हणजे पाठकोरे कागद. ए-फोरचे चार तुकडे करा आणि माणशी तीन द्या. एका तुकड्यावर एकच नियम, आणि तोही करण्या-न करण्याच्या भाषेत. ‘प्रामाणिकपणा’ लिहून आला तर कागद परत. ‘रिक्षावाल्याने चुकून पन्नास रुपये जास्त दिले तर परत करायचे’ हे चालेल. अट एवढीच की कुणी बघत नसतानाही पाळला जाणारा नियम हवा. लिहायला सात मिनिटं, आणि तोवर बोलणं बंद. एकाने जरी तोंड उघडलं तरी बाकीचे त्याचीच री ओढतात, त्यात तो ज्येष्ठ असेल तर विचारूच नका. कागदावर नाव नको.

मग दोघादोघांच्या जोड्या करा आणि प्रत्येक कागदाला हे प्रश्न लावा. ज्याच्या हातात अधिकार आहे (बाबा, सर, साहेब, सरकार) त्याने परवानगी दिली तर हे चालेल का? जिथे सगळेच उलट वागतात अशा गावी चालेल का? नियम मोडला तर नेमकं कुणाचं काय जातं? आणि मोडल्यावर पहिल्यांदा काय वाटेल: भीती, शरम, अपराधी की किळस? पहिले तीन प्रश्न मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल यांच्या कामातून घेतलेत. नैतिक नियम आणि रीत यांत लहान मुलंसुद्धा फरक करतात, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी परवानगी दिली तर वर्गात गणवेशाशिवाय बसलेलं चालतं, पण बाईंनी परवानगी दिली म्हणून शेजारच्याला मारलेलं चालत नाही, हे मूल तीन-चार वर्षांचं असतानाच सांगू लागतं. चौथा प्रश्न माझी भर, पण काम तोच जास्त करतो. भीती आली तर नियम अजून बाहेरच उभा आहे. शरम आली तर कुणाची तरी नजर मनात बसलीय, आणि ती कुणाची हे विचारता येतं.

तुमच्याकडून एक कागद टाका: ‘पुस्तकाला पाय लागला तर हात लावून नमस्कार करायचा.’ यात कुणाचं काही जात नाही, कुणी सांगत नाही, कुणी बघतही नाही. तरी खोलीत एकटी असलेली माणसं करतात, आणि त्यात देव न मानणारेही असतात. ‘रद्दीतल्या जुन्या टेलिफोन डिरेक्टरीला पाय लागला तर?’ असं विचारून बघा. काहींचा नमस्कार तिथे सुटतो, काहींचा नाही. ज्यांचा सुटत नाही त्यांचा नियम ज्ञानाच्या आदराचा नाही, अंगवळणी पडलेल्या हालचालीचा आहे. हे त्यांचं त्यांनाच कळतं, तुम्हाला सांगावं लागत नाही.

दुसरा कागद लोकलचा. तीन जणांच्या बाकावर चौथ्याला सरकून टेकायला जागा द्यायची, आणि ‘कुठे उतरणार?’ असं विचारून जिने जागा धरली ती जागा तिचीच. रेल्वेच्या कुठल्या पुस्तकात हा नियम नाही आणि घरी आईवडिलांनी बसवून शिकवलेला नाही. तरी अंधेरीला उतरणाऱ्या बाईची जागा भलतीने पटकावली तर अख्खा डबा तुटून पडतो. अधिकार जवळ उभी असलेलीचा नसतो, आधी विचारलेलीचा असतो, आणि गर्दीच्या वेळी बायकांच्या डब्यात एकेका जागेमागे दोन-तीन जणींची रांग लागलेली असते. वरचे प्रश्न लावले की या नियमाचे दोन पदर सुटे होतात. चौथी सीट ही रीत आहे, पुण्याच्या बसमध्ये ती कुणी मागणार नाही. पण दिलेला शब्द फिरवून जागा तिसऱ्याच कुणाला देणं कुठेही चूकच वाटतं. त्याच डब्यात विनातिकीट प्रवास मात्र ‘रेल्वेचं काय जातंय’ म्हणून सौम्य ठरतो, कारण ज्याचं जातं तो समोर बसलेला नसतो.

फळ्यावर ढीग लावताना ‘नैतिक’ आणि ‘रीत’ असे दोनच रकाने आखलेत तर घोडं अडेल. रिचर्ड श्वेडर, मनमोहन महापात्र आणि जोन मिलर यांनी १९८७ मध्ये भुवनेश्वर आणि शिकागोच्या लोकांपुढे ३९ प्रसंग ठेवले होते. वडील गेल्याच्या दुसऱ्या दिवशी थोरल्या मुलाने केस कापले आणि कोंबडी खाल्ली, हा प्रसंग भुवनेश्वरच्या यादीत सगळ्यांत गंभीर ठरला. अमेरिकनांना त्यात काही गैर दिसेना. ‘कुणाचं काय गेलं?’ या प्रश्नावर तिकडचं उत्तर तयार होतं: मृताच्या आत्म्याचं. म्हणून सोवळं, विटाळ, पावित्र्य यांसाठी तिसरा रकाना आधीच आखून ठेवा. नाहीतर निम्मे कागद बळजबरीने ‘रीत’मध्ये ढकलले जातात आणि लिहिणारा दुखावतो.

वेळेचं गणित: लिहायला सात मिनिटं, जोड्यांना पंचवीस, फळ्यावर ढीग लावायला वीस, उरलेला वेळ वादाला. कुणी धर्माची बाजू लढवू लागलं तर एकच वाक्य बोला: ‘बोलायचं ते कागदावरच्या नियमाबद्दल.’

पोथीनिष्ठ

खडूफळा यांचं सगळं छान, पण पाश्चात्त्यांशिवाय पान हलत नाही असं वाटायला नको. हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे आणि उत्तर चक्क क्रमवार दिलेलं आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायातला सहावा श्लोक धर्माची मुळं सांगतो: वेद, वेद जाणणाऱ्यांची स्मृती आणि शील, सज्जनांचा आचार, आणि आत्मतुष्टी. म्हणजे ग्रंथ, परंपरा, भोवतालची चांगली माणसं आणि स्वतःचं मन. ‘मनाला पटतं म्हणून’ हे आजचं सगळ्यांत आवडतं उत्तर तिथे शेवटी बसवलंय, हे ध्यानात घ्या.

यातली अडचण ज्यांना सोसावी लागली त्यांनीच ती नेमकी दाखवली. सज्जन कोण हे ठरवणार कोण? २५ डिसेंबर १९२७ ला महाडला या ग्रंथाचं दहन झालं ते याच मुद्द्यावर. पुढे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांत जो फरक केला, तो तुमच्या कागदांना थेट लावता येतो. नियम सांगतो अमुक कर, आणि मग बरोबर-चूक एवढंच उरतं. तत्त्व निवड करायला लावतं, त्यामुळे जबाबदारीही अंगावर येते. गटातल्या प्रत्येकाला विचारा: तुमच्या कागदावर आहे तो नियम की तत्त्व? ‘मोठ्यांना उलट बोलायचं नाही’ हा नियम. ‘दुसऱ्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय बोलायचं नाही’ हे तत्त्वाच्या जवळचं, कारण ते मोलकरणीलाही लागू होतं आणि साहेबालाही.

टिळकांचं गीतारहस्यही इथे कामाला येतं (छापलं १९१५ मध्ये). नीतीचा निर्णय करण्याच्या तीन वाटा त्यांनी मांडल्यात: आधिभौतिक म्हणजे परिणामांवरून, आधिदैवत म्हणजे आत बसलेल्या सदसद्विवेकदेवतेच्या कौलावरून, आणि आध्यात्मिक. दुसऱ्या वाटेवर त्यांचा आक्षेप असा की ही वेगळी देवता वगैरे काही नाही. एकच बुद्धी सगळे निवाडे करते, आणि ती सात्त्विक, राजस की तामस यावर कौल ठरतो. गटातला कुणीतरी ‘आतला आवाज’ म्हणणारच. तेव्हा हा आक्षेप फळ्यावर लिहून ठेवा: आतला आवाज चोरालाही असतो, मग त्याचा आणि तुमचा वेगळा का?

बाकी ‘उगम’ शोधता शोधता ज्याला उगमच नाही तेही बघा. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटनेचा मसुदा मांडताना आंबेडकरांनी सांगितलं की संविधानिक नीतिमत्ता ही उपजत भावना नाही, ती मशागत करून रुजवावी लागते. म्हणजे काही नीती कुठून ‘येत’ नाही, आणावी लागते.

लोअरपरळ_अप

वरच्या दोन्ही प्रतिसादांत एक गोष्ट गृहीत धरलीय: माणसाकडे नीतिमत्ता नावाचं काही असतं आणि ते तो खिशात घेऊन हिंडतो. हार्टशॉर्न आणि मे या संशोधकांनी १९२०च्या दशकात हजारो शाळकरी मुलांना फसवणुकीची संधी देऊन पाहिली. गणितात कॉपी करणारा खेळातही लबाडी करेलच, असं निघालं नाही. नंतर तोच माल पुन्हा तपासणाऱ्यांना थोडा समान धागा सापडला, पण थोडाच.

डार्ली आणि बॅट्सन यांचा १९७३चा प्रयोग तर गटाला सांगाच. धर्मशिक्षण घेणारे ४० विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीत भाषण द्यायला निघालेत आणि वाटेत एक माणूस विव्हळत पडलाय. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, थोडी घाई असलेल्यांपैकी ४५ आणि उशीर झालेल्यांपैकी १०. काहींचं भाषण तर वाटेत पडलेल्या जखमीला मदत करणाऱ्या परोपकारी माणसाच्या दाखल्यावरच होतं. त्याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. दादरच्या पुलावर सकाळी नऊ वाजता जे दिसतं ते बघून ‘मुंबईकर निष्ठुर’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी घड्याळ बघावं. आणि २६ जुलै २००५ ला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा, लोकांनी अनोळखी माणसांना घरात घेतलं. त्यालाही ‘स्पिरिट’ वगैरे म्हणू नये. त्या रात्री कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं.

तेव्हा कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवा: हा नियम मी कधी सोडतो? घाईत, गर्दीत, दुसऱ्याचे पैसे असताना, साहेबाने सांगितल्यावर? ‘कधीच नाही’ लिहिणाऱ्याला उदाहरण मागू नका, भांडण होईल. पुढच्या कागदाकडे वळा.

बी_विंग_सेक्रेटरी

पैशाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून दोन प्रयोग जोडतो.

पहिला पाकिटांचा, २०१९. ४० देशांतल्या ३५५ शहरांत सतरा हजारांवर पाकिटं बँका, हॉटेलं, टपाल कार्यालयं अशा ठिकाणी काउंटरवर ‘सापडलंय’ म्हणून दिली. काही रिकामी, काहींत साडेतेरा डॉलरच्या आसपास स्थानिक रक्कम. मालकाशी संपर्क करणाऱ्यांचं प्रमाण रिकाम्या पाकिटासाठी ४० टक्के आणि पैसेवाल्यासाठी ५१ टक्के निघालं, आणि ४० पैकी ३८ देशांत कल हाच. परोपकार हे कारण अर्धंच आहे. पैसे ठेवून घेतले तर आपण चोर ठरतो हे स्वतःलाच सहन होत नाही, असा संशोधकांचा निष्कर्ष. गटात आकडे सांगण्याआधी अंदाज लिहून घ्या. बहुतेक जण उलटं लिहितील. मात्र पाकिटं काउंटरवरच्या कर्मचाऱ्यांना दिली होती, रस्त्यावर टाकली नव्हती, तेव्हा ‘अमुक देशातली जनता प्रामाणिक’ असं यातून काढू नका.

दुसरा सोसायटीच्या कमिट्यांनी भिंतीवर लावावा असा. इस्रायलच्या हैफामधली दहा पाळणाघरं, मुलांना न्यायला पालक उशिरा येतात. ग्नीझी आणि रुस्टिकिनी यांनी सहा ठिकाणी दंड सुरू केला: दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला तर १० शेकेल. उशीर कमी होण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाला (निबंध २००० सालचा). आधी बाईंना थांबवून ठेवल्याची लाज होती, दंड आल्यावर तो दहा शेकेलमध्ये विकत मिळणारा जादा वेळ झाला. वाईट भाग पुढेच आहे: दंड रद्द केला तरी उशीर खाली आला नाही. पाहुण्यांच्या पार्किंगला रात्रीचे शंभर रुपये लावले की तीच गत होते. ‘पैसे भरलेत ना’ म्हटल्यावर बोलायला जागा उरत नाही. दंड लावायचाच तर दुखेल एवढा लावा, नाहीतर नुसती गाडीच्या काचेवर चिठ्ठी बरी. नियमाचा उगम शोधताना तो कशाने मरतो हेही तपासा, एवढंच म्हणणं.

अनुजा_गोरेगाव

सगळ्यांचे आभार, कागदांचा सराव नक्की करणार. पण गटात चार-पाच पालक आहेत आणि ते ‘शेवटी घरातूनच येतं’ यावर ठाम राहतील. ते चूक आहे का? आणि बाळं जन्मतःच चांगलं-वाईट ओळखतात असं कुठेसं वाचलं होतं, ते वापरू का? हाइन्झची औषधाची गोष्टही सुचवलीय एकाने.

मधली_सुट्टी

घर चूक नाही, पण ‘घर’ फार मोठा शब्द झाला. मार्टिन हॉफमन यांनी पालकांच्या शिस्तीचे तीन प्रकार सांगितले. मुलाने दुसऱ्याचा डबा सांडला असं धरा. ‘थोबाड फोडीन’ हा पहिला, बळाचा. ‘जा, मी तुझ्याशी बोलणार नाही’ हा दुसरा, माया काढून घेण्याचा. ‘त्याचा डबा सांडला, आता तो मधल्या सुट्टीत काय खाणार?’ हा तिसरा, आणि कुणी बघत नसताना टिकणाऱ्या नियमांशी याचंच नातं संशोधनात जास्त दिसतं. त्यातही तपशील सांभाळावे लागतात. वाक्य लगेच बोलायला हवं, संध्याकाळी बाबा आल्यावर नाही. एकदोन वाक्यांत संपायला हवं, लांबलं की मुलाचं लक्ष डब्यावरून तुमच्या चेहऱ्यावर जातं. शेवटी भरपाईला वाट हवी: स्वतःच्या डब्यातली एक पोळी दे. आणि ‘लोक काय म्हणतील’ हे शेपूट जोडलं की सगळं फुकट, कारण मग ज्याचा डबा सांडला तो बाजूला पडतो आणि लोक आत येतात. पालकांना ‘घरातून’ म्हणू द्या, फक्त या तिन्हींपैकी कुठलं वाक्य घरात जास्त ऐकू येतं ते कागदावर लिहायला सांगा.

घराइतकाच वाटा बरोबरीच्या मुलांचा. पियाजे यांनी १९३२च्या पुस्तकासाठी स्वित्झर्लंडमधल्या मुलांचे गोट्यांचे डाव बघितले. लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेले आणि अढळ वाटतात. दहा-अकराच्या पुढची मुलं सगळ्यांनी मान्य केलं तर नियम बदलता येतो असं धरतात, आणि हे कळतं ते बरोबरीच्यांशी भांडून, मोठ्यांचं ऐकून नव्हे. खेळ ठरवणारा मोठा माणूस मध्ये नसावा लागतो. मुंबईत हल्ली खाली खेळायलाही कोच असतो, त्याचं काय होणार कोण जाणे.

बाळांचा प्रयोग जपून वापरा. हॅम्लिन, विन आणि ब्लूम यांच्या २००७च्या प्रयोगात सहा आणि दहा महिन्यांच्या बाळांनी डोंगर चढणाऱ्याला अडवणाऱ्या ठोकळ्यापेक्षा मदत करणारा ठोकळा उचलला. पण पुढे बऱ्याच प्रयोगशाळांनी एकत्र येऊन हजारावर बाळांवर तो केला तेव्हा असा कल दिसला नाही. ‘सिद्ध झालंय’ म्हणून सांगितलंत आणि गटात कुणी वाचलेला निघाला तर पंचाईत.

हाइन्झची गोष्ट घ्यायची तर आधी पळवाटा बुजवा. बायको मरायला टेकलीय, औषधवाला दोन हजार मागतोय, नवऱ्याकडे हजार जमलेत, चोरी करावी का? कोलबर्ग यांनी हे शिकागोच्या मुलग्यांना विचारलं होतं. आपल्याकडे विचारलं की माणसं कोंडीत शिरतच नाहीत: ट्रस्टकडे अर्ज करा, नगरसेवकाचं पत्र आणा, दागिने मोडा, मामाकडून घ्या. हा टाळाटाळीचा भाग नव्हे, हीच त्यांची नीती आहे. मिलर आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये म्हैसूर आणि न्यू हेवनची तुलना केली. छोट्याशा गरजेतही अनोळखी माणसाला मदत करणं म्हैसूरच्या लोकांना कर्तव्य वाटत होतं, अमेरिकनांना ज्याच्या त्याच्या मर्जीची गोष्ट. म्हणून दोन फेऱ्या करा. पहिलीत पळवाटा मोकळ्या ठेवा आणि कोण कुणाकडे पैसे मागायला जातो ते फळ्यावर लिहा. दुसरीत ट्रस्टचा नकार आला, दागिने आधीच गहाण, मामाने फोन उचलला नाही असं सांगून मग विचारा. आणि चोरी करावी की नाही यावर हात वर करायला लावू नका. कोलबर्गच्या पद्धतीत गुण उत्तराला नसतात, ‘का’ला असतात. हात मोजले की दोन तट पडतात आणि ‘का’ कुणी सांगत नाही.

खडूफळा

मधली_सुट्टी यांना दुजोरा. फक्त दोन्ही एका बैठकीत बसवू नका, दीड तासात कागद तरी होतील नाहीतर हाइन्झ. आणि जमलेले कागद फेकू नका. सहा महिन्यांनी तेच ढीग नव्या माणसांकडून लावून घ्या, कुठले कागद रकाना बदलतात ते बघायला.